लग्नपत्रिकेतून आला तो व्हायरस नव्हे

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करणारी फाईल येते, कुणीतरी ती इन्स्टॉल करतं आणि खातं साफ होतं. सांगलीत विश्रामबागेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात परवा हाच विषय निघाला होता. ‘मोबाईलमध्ये व्हायरस शिरला,’ यावर सगळ्यांचं एकमत. पण हा ट्रोजन, म्हणजे कामाच्या फायलीचं सोंग घेऊन येणारा घातक प्रोग्रॅम. त्याला आत आपणच घेतलं, मेसेज वाचायची परवानगीही आपणच दिली. ओटीपी त्याने गुपचूप पुढे धाडला. दुसऱ्या फायलींना चिकटणं हे त्याचं कामच नव्हे.

व्हायरसचं सगळं कसब त्या चिकटण्यातच. ईएक्सई, म्हणजे विंडोजवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या फायलीच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) एक पत्ता असतो: काम इथून सुरू करा. व्हायरस आपला कोड फायलीच्या शेवटी डकवतो, हेडरमध्ये स्वतःचा पत्ता घालतो आणि मूळ पत्ता जपून ठेवतो. डबल क्लिक केलं की आधी तो चालतो, इतर ईएक्सई हुडकून त्यांचीही हीच गत करतो आणि मग मूळ पत्त्यावर उडी मारतो. प्रोग्रॅम नेहमीसारखा उघडतो, कुणाला पत्ता लागत नाही. फाईल तेवढी फुगते. १९९८च्या सीआयएच नावाच्या व्हायरसने त्यावरही तोड काढली. विंडोजच्या ईएक्सईतले विभाग सहसा ५१२ बाइटच्या पटीत मांडतात, त्यामुळे विभागाच्या शेवटी रिकामी जागा उरते. सीआयएच स्वतःचे तुकडे करून त्या फटींत बसायचा. साईज होती तेवढीच! २६ एप्रिल उजाडला की हार्ड डिस्कवर कचरा लिहायचा, जमलं तर कॉम्प्युटर सुरू करून देणाऱ्या बायोसची चिपही बिघडवायचा.

वर्म हा आणखी एक घातक प्रकार; त्याला चिकटायला अशी यजमान फाईल लागत नाही. १९८८चा मॉरिस वर्म नेटवर्कवरून आपला आपण पसरला. मे २०१७चा वॉनाक्रायही पसरायला वर्म, पोटात मात्र खंडणी मागणारं रॅन्समवेअर. त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आला होता, पण तो टाकतो कोण? त्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची लिंबू-मिरची दर शनिवारी बदलते, अपडेट मात्र ‘नंतर बघू’.

तिथून आणलेल्या पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसतात, तेही बहुधा वर्मचंच काम. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, फॉरमॅटही मारू नका. खरे फोल्डर सहसा तिथेच असतात, फक्त लपवलेले. आधी अँटिव्हायरस फिरवा, मग कमांड प्रॉम्प्टमधल्या ॲट्रिब कमांडने ते पुन्हा दिसायला लागतात.