सिग्नल सगळ्यांच्या छतावर, किल्ली मात्र विकतची

उपग्रह टीव्हीची वर्गणी संपते, पडद्यावर पाटी येते आणि आपल्याला वाटतं, कंपनीने आपला सिग्नल तोडला. नळाचं पाणी तोडावं तसा. प्रत्यक्षात कोणी काहीच तोडलेलं नसतं. पाटी दिसत असते त्या क्षणीही तो क्रिकेटचा सामना, तो चित्रपट, त्या बातम्या आपल्या छतावरच्या छत्रीवर, म्हणजे डिश अँटेनावर, पडतच असतात, तारेतून खाली सेट-टॉप बॉक्सपर्यंत येतही असतात. बॉक्सला त्या वाचता येत नाहीत, इतकंच. फुकटची छत्री बरी की महिन्याच्या वर्गणीची, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. माझं त्यांना सांगणं असतं की दर आणि वाहिन्यांच्या याद्या नंतर बघा, आधी ही एवढी गोष्ट समजून घ्या.

उपग्रह आहे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. त्या उंचीवर पृथ्वीभोवतीची एक फेरी बरोबर पृथ्वीच्या एका गिरकीइतक्या वेळात होते, म्हणून खालून बघणाऱ्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात ही कल्पना मांडली, तेव्हा एकही उपग्रह उडालेला नव्हता. आपली छत्री एकदा बसवली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही, ती याच कारणाने.

उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकाची ताकद असते साधारण शंभर-दीडशे वॉट. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी. तेवढ्यात तो एखादा देश, कधी अर्धा खंड व्यापतो. साठ सेंटिमीटरच्या छत्रीच्या वाट्याला त्यातलं किती येतं, हे मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. एका वॉटचे एक लाख कोटी भाग करा, त्यातले जेमतेम एक-दोन. एवढ्याशा ऊर्जेतून आपण माणसाच्या कपाळावरचा घाम दिसेल असं चित्र उभं करतो, याचं मला अजूनही मनापासून नवल वाटतं.

एलएनबी कधी हातात घेऊन बघा. छत्रीच्या दांड्यावर बसवलेला, मुठीएवढा, तोंडाला प्लास्टिकचं झाकण असलेला तुकडा. छत्री नुसता आरसा आहे, सिग्नल पकडतो तो हा. येणाऱ्या लहरी साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या असतात, आणि इतक्या वरच्या वारंवारतेचा सिग्नल साध्या केबलमधून पाठवला तर खोलीत पोचेपर्यंत विरून जाईल. म्हणून एलएनबी तो जागच्या जागी मोठा करतो आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवून मग खाली सोडतो. त्याच तारेतून बॉक्स त्याला वर वीज देतो, आणि त्या विजेतूनच हुकूमही. तेरा व्होल्ट दिले तर उभ्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत हलणाऱ्या, लहरी घे, अठरा दिले तर आडव्या. एका तारेत एवढं सगळं.

छत्रीची दिशा किती नाजूक असते, हे ज्याने ती स्वतः लावलीय त्यालाच कळतं. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची एक कड समोरच्या कडेच्या मानाने एक सेंटिमीटर सरकली की रोख जवळजवळ एक अंशाने बदलतो. इथला एक अंश म्हणजे उपग्रहाच्या अंतरावर सहाशे किलोमीटरहून जास्त. मी पहिल्यांदा छत्री लावली तेव्हा दीड तास छतावर होतो. पान्याने नट सैल करायचा, केसभर ढकलायचं, खाली ओरडून विचारायचं, “आलं का?” आणि खालून उत्तर, “आलं, आलं... गेलं!” शेवटी कळलं की चूक हाताची नव्हती, डोळ्यांची होती. घरगुती छत्रीचा आकार असा कापलेला असतो की तिचा रोख दिसतो त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असतो. समोरच्या भिंतीकडे बघत असल्यासारखी दिसणारी छत्री खरं तर आभाळात बघत असते. मी बिचारीला उगाच मान वर करायला लावत होतो.

आता लक्षात घ्या, इथपर्यंत फुकट आणि वर्गणी यांत काडीचा फरक नाही. तोच आरसा, तोच एलएनबी, तीच तार. दोन्हींतल्या वाहिन्या बऱ्याचदा एकाच उपग्रहावरूनसुद्धा येतात. फरक सुरू होतो बॉक्सच्या आत.

चित्र आणि आवाज आकाशातून जातात ते आकड्यांच्या रूपात. वर्गणीच्या वाहिनीचे हे आकडे पाठवण्यापूर्वी गणिती पद्धतीने घुसळलेले असतात. ते पुन्हा जागेवर लावायला एक किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे सहसा ६४ बिटांची, म्हणजे चौसष्ट शून्य-एकांची, एक संख्या, आणि ती साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. आपण एखादी मालिका अर्धा तास बघतो तेवढ्यात जवळपास १८० किल्ल्या वापरून टाकून दिलेल्या असतात. बदलताना चित्र अडखळू नये म्हणून सम आणि विषम अशा दोन किल्ल्या असतात. एक चालू असताना दुसरी तयार ठेवली जाते. या किल्ल्या येतात कुठून? त्याही आकाशातूनच, त्याच प्रक्षेपणातून, पण स्वतः कुलूपबंद होऊन. ते दुसरं कुलूप उघडण्याची सोय असते आपल्या बॉक्समधल्या कार्डात किंवा चिपमध्ये, आणि आपण दर महिन्याला पैसे भरतो ते त्या कार्डाने काम करावं म्हणून.

रिचार्ज केल्यावर ‘बॉक्स चालू ठेवा’ असं का सांगतात, याचं उत्तरही इथेच आहे. आपला बॉक्स फक्त ऐकतो, तो उपग्रहाला काही बोलू शकत नाही. म्हणून कंपनी आपल्या कार्डाच्या क्रमांकाच्या नावे एक निरोप आकाशातून सोडते: ‘अमुक कार्डाला अमुक तारखेपर्यंत या वाहिन्या दाखवायला परवानगी.’ तो निरोप त्या उपग्रहाखालच्या प्रत्येक छत्रीवर पडतो. लाखो बॉक्स क्रमांक पाहून तो सोडून देतात, एकच उचलतो. निरोप काही वेळ पुन्हा पुन्हा सांगितला जातो, पण कायम नाही. पैसे भरून बॉक्स बंद करून झोपलात, तर निरोप येऊन गेलेला असतो आणि घ्यायला घरी कोणी नसतं. माझं एकदा असंच झालं होतं. तासभर मदत केंद्राशी वाद घातला आणि मग कळलं की बॉक्सचं बटणच बंद होतं.

हे कुलूप आलं कसं, ती हकिकत मोठी बोलकी आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनी घरच्या घरी उपग्रहाचं प्रक्षेपण पकडणारी छत्री उभी केली. तेव्हा उपग्रहावरचे कार्यक्रम केबलवाल्यांसाठी असत आणि ते उघडेच पाठवले जात, कारण सामान्य माणूस ते पकडेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हॉवर्ड सचोटीचे. एचबीओ या वाहिनीचे कार्यक्रम दिसू लागले तेव्हा त्यांनी स्वतःहून चेक पाठवला. कंपनीने तो परत केला, आम्ही फक्त केबल कंपन्यांशी व्यवहार करतो म्हणून. पैसे द्यायला माणूस तयार होता, पण घ्यायची व्यवस्थाच नव्हती! दहा वर्षांत घरोघरी मोठाल्या छत्र्या उगवल्या, आणि जानेवारी १९८६ मध्ये एचबीओने आपलं प्रक्षेपण पूर्ण वेळ कुलूपबंद केलं. छत्र्या विकणाऱ्यांचा धंदा बसला. त्यातलाच एक जण फ्लोरिडातल्या प्रक्षेपण केंद्रावर नोकरीही करत होता. त्याने २७ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर केंद्रावरची अँटेना वापरून एचबीओचा सिग्नल दाबून टाकला आणि ‘कॅप्टन मिडनाइट’ या नावाने दरांविरुद्धचा निषेध साडेचार मिनिटं अमेरिकेच्या पूर्व भागातल्या प्रेक्षकांना वाचायला लावला. तो पकडला गेला, त्याला शिक्षा झाली. कृत्य गैरच होतं. पण आभाळातून पडणारी वस्तू विकायची कशी, हा त्यामागचा प्रश्न खरा होता.

मग फुकट वाहिन्या फुकट का असतात? उपग्रहाचं अर्थकारण उलटं चालतं म्हणून. तारेने घर जोडायचं तर प्रत्येक नव्या घरामागे खर्च वाढतो. उपग्रहावरून एका घराला दाखवा की एक कोटी घरांना, प्रक्षेपणाचा खर्च तोच. त्यामुळे जाहिरातींवर, सरकारी निधीवर किंवा परवाना शुल्कावर चालणाऱ्या वाहिनीला कुलूप लावण्यात तोटाच असतो. जितके डोळे जास्त तितकं तिचं भलं.

काही वाहिन्यांना मात्र पैशांसाठी नव्हे, सीमेसाठी कुलूप लावावं लागतं. सामन्यांचे आणि चित्रपटांचे हक्क देशागणिक विकले जातात, आणि उपग्रहाची किरणं देशाची सीमा पाहून थांबत नाहीत. ऑस्ट्रियाची सार्वजनिक वाहिनी ओआरएफ याच कारणाने कार्डावर दिसते. ब्रिटनच्या बीबीसीने २००३ मध्ये वेगळा मार्ग काढला. तिने कुलूपच काढून टाकलं आणि ज्याचा झोत मुख्यतः ब्रिटन आणि आयर्लंडवर पडत असे अशा अ‍ॅस्ट्रा २डी उपग्रहावर आपल्या वाहिन्या हलवल्या. किल्लीचं काम झोताच्या आकाराने केलं. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

तेव्हा निवड करताना दोन गैरसमज आधी काढून टाका. पहिला, वर्गणी भरली की सिग्नल जास्त चांगला येतो. तसं नाही. या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते आणि जोराच्या पावसाचे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. वर्गणीचा आणि फुकटचा, दोन्ही सिग्नल त्यात सारखेच भिजतात. डिजिटल चित्र हळूहळू फिकट होत नाही. ठीक असतं, मग चौकोन चौकोन होतात, मग काहीच नाही. याला उपाय मोठ्या छत्रीचा: साठच्या जागी नव्वद सेंटिमीटरची बसवली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि सोसण्याची ताकद बरीच वाढते. तो खर्च एकदाच, आणि दोन्ही प्रकारांत कामाचा. वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आगेमागे काही दिवस, सूर्य नेमका उपग्रहामागे येऊन काही मिनिटं चित्र घालवतो. त्याला कोणाचाच इलाज नाही. दुसरा गैरसमज असा की फुकट म्हणजे हलका दर्जा. चित्र किती स्पष्ट दिसेल हे त्या वाहिनीला किती बिट दिले आहेत यावर ठरतं. एका प्रक्षेपकात जुन्या पद्धतीने सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट मावतात. त्यात कोणी सहा वाहिन्या बसवतो, कोणी पंधरा कोंबतो. पैसे देऊन घेतलेल्या वाहिनीतही धावणाऱ्या खेळाडूभोवती चित्र फुटताना मी पाहिलंय, आणि फुकटच्या वाहिनीवर पानापानावरचं दव स्पष्ट दिसतानाही.

वर्गणीत आपण घेतो ते हक्क: मोठे सामने, नवे चित्रपट, काही बालवाहिन्या. घरात खेळाचं वेड असेल तर वर्गणी घ्या, मनात किंतु नको. पण बातम्या, गाणी, जुने चित्रपट आणि एखादी मालिका एवढंच चालत असेल, तर बहुतेक किल्ल्या न वापरताच कालबाह्य होत असतात. अर्थात आपण राहतो त्या भागात आपल्या भाषेतल्या फुकट वाहिन्या पुरेशा असल्या पाहिजेत. बॉक्सचंही बघा. वर्गणीचा बॉक्स सहसा त्याच कंपनीपुरता बांधलेला असतो, वर्गणी थांबली की काही बॉक्स फुकट वाहिन्यासुद्धा दाखवत नाहीत. मोकळा बॉक्स कुठलाही उपग्रह धुंडाळू शकतो. तो घेताना डीव्हीबी-एस२, म्हणजे उपग्रह प्रक्षेपणाच्या नव्या पद्धतीचं, प्रक्षेपण त्याला वाचता येतं ना, एवढं विचाराच. इंटरनेटवरून किल्ल्या पुरवून सगळ्या वाहिन्या उघडून देणारे बॉक्सही विकायला असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्याच्या कार्डातून निघालेल्या किल्ल्या पळवून ते बॉक्स चाललेले असतात. ती चोरी आहे.

दोन्हींमध्ये एकच निवडलं पाहिजे असंही नाही. एका छत्रीवर शेजारी शेजारी दोन एलएनबी बसवून दोन उपग्रह घेता येतात. जवळपासच्या दोन उपग्रहांचे सिग्नल आरशावरून परतताना थोड्या वेगळ्या जागी एकवटतात.

वर्गणी बंद करण्याआधी मी एक केलं. ओळखीच्यांकडून एक मोकळा बॉक्स दोन दिवसांसाठी आणला, छतावरच्या त्याच छत्रीची तीच तार त्याला जोडली आणि शोध लावला. यादी भराभर खालून वर सरकू लागली. काही नावांपुढे डॉलरची खूण, म्हणजे कुलूपबंद. काहींपुढे काहीच नाही. आम्ही घरचे सगळे वही घेऊन बसलो आणि बिनखुणेच्या नावांतली जी आम्ही खरंच बघतो ती एकेक करून उतरवून काढली.