थ्री स्ट्राइक्स नियम (अमेरिकेतल्या कैद्यांचे दावे)

थ्री स्ट्राइक्स नियम म्हणजे अमेरिकेच्या फेडरल (केंद्र सरकारच्या) कोर्टात परत परत केसेस टाकणाऱ्या कैद्यांना आवर घालणारी तरतूद. 1996 च्या प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म अ‍ॅक्टमधून ती आली, अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर 26 एप्रिलला सही केली. ज्या कैद्याच्या जेलमध्ये असताना टाकलेल्या तीन केसेस किंवा अपिलं फालतू, खोडसाळ किंवा कायद्यात न बसणारी म्हणून डिसमिस झालीत त्याला पुढच्या वेळी गरीब म्हणून सवलत मिळत नाही, पूर्ण फी आधीच भरावी लागते. अशा प्रत्येक डिसमिसलला स्ट्राइक म्हणतात. (तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप देणारा कॅलिफोर्नियाचा थ्री स्ट्राइक्स कायदा वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

मुळात कैदी कोर्टात जायला लागले ते 1871 च्या नागरी हक्क कायद्याच्या जोरावर. कूपर विरुद्ध पेट या 1964 च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं कैद्यालाही या कायद्याखाली दावा लावता येतो असं मान्य केलं आणि मग मारहाण, औषधपाणी न मिळणं, धर्म पाळू न देणं अशा तक्रारी येऊ लागल्या, बहुतेक वकिलाशिवाय, स्वतःच लिहिलेल्या. त्यात खरंच उच्छाद मांडणारेही होते, एका कैद्यानं तर एकट्यानं पाचशेच्या वर केसेस टाकल्या होत्या. 1995 साली फेडरल कोर्टांत कैद्यांच्या नागरी हक्काच्या सुमारे 39 हजार केसेस आल्या.

1996 चा कायदा आणताना राजकारण्यांनी हास्यास्पद केसेसची यादीच फिरवली. त्यातली गाजलेली म्हणजे दाणेदार पीनट बटरऐवजी मऊ दिलं म्हणून कोर्टात गेलेला कैदी. फेडरल अपील कोर्टाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी ती फाइल काढून बघितली तर प्रकरण निराळंच निघालं: चुकीची बरणी त्यानं परत केली होती, बदलून देतो म्हणाले, तेवढ्यात त्याची दुसऱ्या जेलमध्ये बदली झाली आणि अडीच डॉलर मात्र त्याच्या खात्यातून गेले ते गेलेच. रक्कम किरकोळ आहे हे खरं, पण जेलमधल्या माणसाला ती किरकोळ वाटेलच असं नाही, आणि जी गोष्ट सांगून हशा पिकवला ती घडलीच नव्हती.

स्ट्राइक नसलेल्या कैद्यालासुद्धा फी माफ होत नाही, फक्त हप्ते मिळतात. खात्यात महिन्याला येणाऱ्या पैशातले 20 टक्के कापले जातात, आणि दोन केसेस असतील तर प्रत्येकीचे वेगळे 20 टक्के, हे 2016 च्या ब्रूस विरुद्ध सॅम्युएल्स केसमध्ये पक्कं झालं. तीन स्ट्राइक झाले की हप्तेही बंद. आजघडीला जिल्हा कोर्टात नवी केस टाकायला 405 डॉलर लागतात, आणि टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांत जेलमधल्या बहुतेक कामांना मजुरीच नाही. म्हणजे कागदावर कोर्टाचं दार उघडंच आहे, पण ज्याच्या घरून पैसे येतात तो आत जातो, बाकीचे बाहेर!

स्ट्राइक कधी मोजायचा यावर सुप्रीम कोर्टानं जवळपास दरवेळी कैद्याच्या विरुद्धच कौल दिलाय. अपील चालू असलं तरी खालच्या कोर्टाचं डिसमिसल स्ट्राइक धरायचं (कोलमन विरुद्ध टॉलेफसन, 2015), आणि परत दाखल करायची मुभा ठेवून काढून टाकलेली केसही धरायची (लोमॅक्स विरुद्ध ऑर्टिझ-मार्केझ, 2020, निकाल न्यायमूर्ती केगन यांचा). दुसरा निकाल जास्त बोचतो, कारण वकील नसलेल्या माणसाचा अर्ज नीट मांडला नाही म्हणून उडणं अगदी नेहमीचं, त्यात खोडसाळपणा असायलाच हवा असं नाही. स्ट्राइकला मुदत नसते, वीस वर्षांपूर्वीचाही चालतो.

सुटायची वाट एकच, गंभीर शारीरिक इजेचा धोका अगदी समोर उभा असणं. हा धोका केस टाकताना असावा लागतो, आधी मार खाल्ला होता एवढ्यानं भागत नाही. उपचार न मिळालेल्या हिपॅटायटिस सीसारखा आजार काही कोर्टांनी यात धरलाय. पण धार्मिक हक्क, पत्रं अडवणं, एकांतवासाची शिक्षा अन्यायानं देणं, यात शरीराला इजा दिसत नाही म्हणून तीन स्ट्राइकवाल्याला सवलत मिळणं जवळपास अशक्य. नवी तक्रार खरी आहे का हे तपासायची वेळच येत नाही, जुना रेकॉर्ड बघूनच सवलत नाकारली जाते, माझ्या मते या नियमातली खरी खोट इथंच आहे.

परिणाम मात्र झाला. कैद्यांची संख्या वाढत असतानाही 2001 पर्यंत वर्षाच्या केसेस 22 हजारांच्या आसपास आल्या, अर्थात त्यात या एका नियमाचाच नाही तर फीचा आणि आधी जेलमधल्याच तक्रार यंत्रणेकडे जायच्या सक्तीचाही वाटा आहे. शिक्षेलाच आव्हान देणारे हेबियस कॉर्पसचे अर्ज स्ट्राइकमध्ये धरत नाहीत. महाराष्ट्रातही वारंवार त्रासदायक दावे लावणाऱ्यांसाठी 1971 चा कायदा आहे, पण तो कैद्यांपुरता नाही आणि त्यात आपोआप मोजणीही नाही, अ‍ॅडव्होकेट जनरलनं अर्ज केला की हायकोर्ट त्या माणसापुरतं ठरवतं.