ज्वारी मागे कशी पडली: कालवा, कारखाना आणि रेशन

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि त्यानंतर पुण्या-मुंबईच्या दुकानांत ज्वारीचे पोहे, बाजरीची बिस्किटे, नाचणीचे तयार पीठ यांना आरोग्यदायी आहाराचे मोल आले. मालदांडी ज्वारीचा भाव अनेक बाजारांत गव्हाच्या वर गेला. याच काळात सोलापूर, बीड, धाराशिव या ज्वारीच्या हक्काच्या जिल्ह्यांतील गरीब कुटुंबांना स्वस्त धान्य दुकानातून मुख्यतः गहू आणि तांदूळच मिळत राहिला. १९६०-६१ साली महाराष्ट्रात सुमारे ६३ लाख हेक्टरांवर असलेली ज्वारी आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरली आहे. लोकांची आवड बदलली, असे याचे कारण सहसा सांगितले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु पाणी कोणत्या पिकाला द्यायचे, भावाची हमी कशाला द्यायची आणि रेशनवर काय ठेवायचे, याविषयीचे दीडशे वर्षांतले निर्णय पाहिल्याशिवाय ही घसरण नीट समजत नाही.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनचा पठारी भाग उद्ध्वस्त केला. त्यानंतर इंग्रज सरकारने येथे जे कालवे काढले ते दुष्काळनिवारणाची कामे म्हणून, म्हणजे पाऊस हुकलेल्या वर्षी ज्वारी-बाजरीसारखी अन्नाची पिके वाचावीत या हेतूने. १८८५ साली सुरू झालेला नीरा डावा कालवा हा त्यांपैकी महत्त्वाचा. मात्र काळ्या जमिनीत ओल धरून येणाऱ्या रब्बी ज्वारीला बऱ्या पावसाच्या वर्षी कालव्याच्या पाण्याची गरज फारशी भासत नसे, त्यामुळे शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घेण्यास उत्सुक नव्हते आणि कालव्यावरचा खर्च वसूल होत नव्हता. बारमाही पाणी मागणारा आणि चांगली पट्टी देणारा ऊस हा त्यावरचा मार्ग ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यांवर गटपद्धत आणली, तिच्यात एका गटातील ठरावीक हिश्श्यावरच ऊस आणि उरलेल्या जमिनीवर हंगामी पिके, अशी वाटणी होती. पाणी अधिक गावांत पोहोचावे आणि जमीन अतिपाण्याने बिघडू नये, हा विचार त्यामागे होता. तो विचार पुढच्या काळात टिकला असता तर दख्खनचे चित्र निराळे दिसले असते, असे मला वाटते. जमीन बिघडण्याची भीतीही काल्पनिक नव्हती, कारण १९१० च्या सुमारासच हॅरल्ड मॅन आणि तम्हाणे या कृषिरसायनशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातील खारपड झालेल्या जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कालवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक पिढी लोटली होती.

कोरडवाहू ज्वारीकडे त्या काळात कोणाचेच लक्ष नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सोलापूर येथे १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी यांतून जमिनीतील ओल कशी राखायची याचे पद्धतशीर प्रयोग तेथे झाले. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाणही १९३० च्या दशकातला. नऊ दशके उलटूनही रब्बीत त्याची पेरणी होते, यावरून ती निवड किती पारखून केली होती हे कळते. त्याच्या भाकरीला चव आहे, दाणा टपोरा व मोत्यासारखा आहे आणि कडबा उंच व गोड असल्यामुळे जनावरे तो आवडीने खातात.

याच सुमारास आहारशास्त्रात एक प्रयोग झाला, त्याची आठवण आज फारशी काढली जात नाही. कुन्नूर येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ मोजली. शीख आणि पठाण आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, त्यांच्या खालोखाल मराठी आहारावरचे, आणि पॉलिश केलेल्या तांदळावर भर असलेल्या आहारावरचे शेवटी. उंदरांवरील निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत. तरीही अख्खे धान्य, डाळ, भाजी आणि थोडे दूध यांनी बनलेले जेवण निव्वळ भातापेक्षा शरीराला किती वेगळे घडवते, हे त्या प्रयोगाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते.

स्वातंत्र्यानंतरचा धान्यतुटवडा आणि त्यावरचे उपाय यांनी सगळा तोल गव्हा-तांदळाकडे झुकवला. १९५६ पासून अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ या धान्यमदतीच्या कायद्याखाली गहू येऊ लागला आणि १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ व कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. आधारभूत किंमत नंतर ज्वारीलाही जाहीर होत गेली. प्रत्यक्ष मोठी खरेदी, साठवण आणि वाहतूक मात्र पंजाब-हरियाणाच्या गहू-तांदळाभोवती उभी राहिली. देशाची उपासमार टळली ती या यंत्रणेमुळे, हे विसरता कामा नये. पण तिच्या आखणीत कोरडवाहू प्रदेशाच्या धान्याला जागा नव्हती.

१९७२-७३ च्या दुष्काळाने हे सगळे उघड्यावर आणले. लाखो माणसे खडी फोडण्याच्या, पाझर तलावाच्या, रस्त्याच्या कामांवर होती, कामावर सुकडी हे तयार पूरक खाद्य वाटले जात होते आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळत होती, जिच्या भाकरीची चव त्या पिढीतील लोक अजूनही नाराजीने सांगतात. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना या दुष्काळात राज्यभर उभी राहिली आणि पुढे तिचा कायदा झाला. महाराष्ट्राने जगाला दिलेली ही मोठी देणगी आहे. तिच्यातून जमिनीची आणि पाण्याची कामे झाली, परंतु त्या पाण्यावर काय पिकवायचे हा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता.

त्याचे उत्तर साखर कारखान्याने दिले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी उभा राहिलेला सहकारी कारखाना १९५० च्या आसपास सुरू झाला, आणि लहान शेतकऱ्याला पिकाचा खात्रीचा गिऱ्हाईक मिळण्याची वाट त्याने खुली केली. कारखान्याला घातलेल्या उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, जो ज्वारीला व्यवहारात कधीच मिळाला नाही. म्हणून उसाकडे वळलेल्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र त्याची किंमत पाण्यात मोजावी लागली. लागवडीखालील जमिनीपैकी शेकडा चारच्या आसपास क्षेत्र असलेला ऊस राज्यातील सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी घेतो. उजनी धरणाच्या पाण्यावर सोलापूर जिल्हा उसाचा जिल्हा झाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागलेल्या लातूर जिल्ह्यातही ऊस आणि साखर कारखाने आहेत.

खरिपातील ज्वारी वेगळ्या वाटेने गेली. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि उत्पादन वाढले. पण लवकर तयार होणाऱ्या या वाणांचा दाणा पावसात सापडून काळा पडे, खाणाऱ्याला तो नकोसा होई, व्यापारी भाव पाडी. बुटक्या ताटामुळे कडबाही कमी मिळे. गावोगाव ‘हायब्रीड’ हा शब्द निकस या अर्थाने वापरला जाऊ लागला तो याच अनुभवातून. पुढे १९९० च्या दशकात सोयाबीनने विदर्भ-मराठवाड्यातील ही जागा झपाट्याने घेतली. आज राज्यातील सोयाबीनचे क्षेत्र ४५ लाख हेक्टरांच्या पुढे गेले आहे.

या बदलाची नोंद घेताना केवळ धान्याकडे पाहिले जाते, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. ज्वारीचे रान हे एका धान्याचे रान कधीच नव्हते. खरिपात तिच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद, रब्बीत करडईचे पट्टे, हलक्या जमिनीत बाजरीबरोबर मटकी आणि हुलगा, बांधावर अंबाडी, आणि खुरपणीला गेलेल्या बायकांच्या ओट्यात पाथरी, घोळ, तांदुळजा यांची भाजी. कडब्यावर बैल आणि दुभते जनावर जगे, त्यांचे शेण शेतात जाई, घरात दूध-ताक राही. ज्वारी गेली तेव्हा डाळ, तेल, भाजी, दूध आणि खत यांचा हा सांधा एकदमच निखळला. तणनाशक फवारलेल्या सोयाबीनमध्ये रानभाजी उरत नाही. १९९४ नंतर पामतेलाची आयात खुली झाली आणि करडईचे घाणे थंडावले. २०१२-१३ च्या टंचाईत चारा छावण्यांमध्ये जनावरांपुढे ऊस टाकावा लागला, कारण कडबाच नव्हता.

शरीरावरचे परिणाम सांगताना सावध राहिले पाहिजे. ज्वारी हे औषध नाही. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी, विशेषतः सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६० च्या सुमारास दाखवून दिले होते की जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा व मेंदूचा विकार आढळतो. तंतू आणि लोह यांबाबत ज्वारी पांढऱ्या तांदळाच्या बरीच वर आहे. अख्ख्या गव्हाच्या कणकेशी तुलना केली तर फरक फारसा उरत नाही. म्हणजे कोणत्या धान्याबरोबर ताटात आणखी काय आहे, यावर बरेच अवलंबून आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा नवजात बाळाच्या आकाराशी संबंध दिसला तो आईच्या आहारातील हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा. ती बाळे वजनाने कमी, सरासरी २.७ किलोच्या आसपास होती आणि तरीही त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे अशा देहरचनेत असतात, असे हे संशोधक मांडतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. कुपोषण आणि मधुमेह एकाच गावात, कधी एकाच घरात नांदतात, हे आता नवे राहिलेले नाही.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबरच भरडधान्यही, किलोमागे १ रुपयाने, देण्याची तरतूद झाली आणि २०१८ मध्ये केंद्राने या धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे नाव दिले. कर्नाटकाने उत्तर भागात ज्वारी आणि दक्षिणेत नाचणी खरेदी करून रेशनवर दिली आणि ओडिशाने २०१७ साली भरडधान्य अभियान सुरू करून पुढे आदिवासी भागांत नाचणीची खरेदी केंद्रे उभारली. महाराष्ट्रात रेशनवर ज्वारी अधूनमधून, काही जिल्ह्यांपुरती येते. शिवाय शेतात अडचण वेगळीच आहे. रब्बी ज्वारी अजूनही बहुतेक ठिकाणी हातानेच काढावी लागते, ताटे उपटून बोटे सोलवटतात, मजूर मिळत नाहीत, आणि उंच मालदांडीला चालेल असे स्वस्त यंत्र लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचलेले नाही. ज्वारीच्या बिस्किटांना मिळणारा भाव आणि शेतातल्या काढणीची मजुरी यांचा मेळ बसत नाही तोवर शेतकरी घरच्या भाकरीपुरती आणि कडब्यापुरती चार-दोन एकर ज्वारी ठेवून उरलेल्या रानात सोयाबीन किंवा ऊसच घेत राहील.