सालचे जंगल, साल बोरर आणि राळ

गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत मध्य प्रदेशातल्या मंडला भागात सालची लाखो झाडे किडली. कान्ह्याला जाताना दिसतात ना, ती उंच, सरळसोट झाडे, तीच. किडा होता साल बोरर, लांब मिशांचा एक तपकिरी भुंगेरा. तो कुठून बाहेरून आलेला नव्हता. या जंगलात तो कायमच असतो, आणि 1920च्या दशकातही त्याने मंडल्यात असाच धुमाकूळ घातला होता. एरवी पडलेल्या, मरायला टेकलेल्या झाडांवर त्याचे भागते. मग मधूनच तो उभ्या हिरव्या झाडांवर का तुटून पडतो?

उत्तर राळेत आहे. आपण धुपात जाळतो ती राळ याच झाडाची. पावसाळा सुरू झाला की भुंगेरे खोडातून बाहेर पडतात आणि मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आत पोखरू लागते. झाड धडधाकट असेल तर जखमेतून राळ सोडते आणि कोवळी अळी त्यातच बुडून मरते. पण राळ काही फुकट तयार होत नाही. पाऊस दगा देतो, किंवा झाड म्हातारे झालेले असते, किंवा दाटीत त्याच्या वाट्याला पाणी आणि ऊन कमी येते. मग राळ अपुरी पडते. वाचलेली अळी थेट गाभ्यापर्यंत बोगदा काढते. बुंध्याशी भुशाचा ढीग साचतो, शेंडा वाळतो. आणि एकदा भुंगेऱ्यांची संख्या बेसुमार वाढली की सुदृढ झाडाचीही राळ पुरत नाही.

यावर वनखात्याचा जुना उपाय फार हुशारीचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सालचे एखादे झाड पाडून त्याचे ओंडके करतात आणि टोके ठेचतात. ताज्या रसाच्या वासाने भुंगेरे दुरून येतात, रस पिऊन सुस्तावतात आणि गावकरी त्यांना हातानेच वेचतात. मजुरी भुंगेऱ्यांच्या नगावर. रस आटला की ओंडके पुन्हा ठेचायचे. यातच एक पथ्यही दडलेले आहे: पावसाळ्यात सालची तोड करून ओंडके जंगलात पडू दिले, तर ते भुंगेऱ्यांना आमंत्रणच.

1990च्या दशकातल्या साथीत किडलेली झाडे किती तोडावीत यावर मोठा वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. किडीच्या नावाखाली चांगले लाकूडही जाईल ही शंका रास्तच होती. पण पोखरलेले झाड तसेच ठेवले तर पुढच्या पावसाळ्यात त्यातून नवी पिढी बाहेर पडते, हेही खरे. माझ्या मते या वादात मूळ प्रश्न मागे पडला: एकाच जातीची, एकाच वयाची झाडे मैलोन्‌मैल दाटीने का उभी राहू द्यावीत? वेळच्या वेळी विरळणी केली, सालच्या जोडीला दुसऱ्या जाती टिकू दिल्या, लहानमोठी झाडे एकत्र वाढू दिली, तर किडीला एवढे आयते ताट मिळत नाही. उन्हाळे कडक आणि पावसातले खंड लांब होत असताना तर याची गरज वाढतेच.

सालची पुढची पिढी उभी करणे मात्र अवघड. बी पावसाच्या आगेमागे पिकून पडते आणि जेमतेम आठवडाभरच रुजण्याजोगे राहते. मॉन्सून लांबला की ते बी वाया गेले. रुजलेले रोपही वरून वाळते, मुळातून पुन्हा फुटते, आणि हा खेळ कित्येक वर्षे चालतो. मूळ पुरेसे जाड झाल्यावरच ते उंच जाते. (वृक्षलागवडीच्या कोटींच्या आकड्यांत असे झाड कुठे बसवणार?) म्हणून सालच्या जंगलात खड्डे खणण्यापेक्षा राखणच जास्त कामाची: वणवा रोखणे, काही वर्षे चराई बंद ठेवणे, आणि सालबी वेचताना काही पट्टे सोडून देणे. बियांच्या तेलाला बाजारात मागणी असते, त्यामुळे हे शेवटचे काम सांगणे सोपे, गावाकडून करून घेणे कठीण. वेचणीचे दिवस आणि बी रुजण्याचे दिवस एकच असतात.