बार्शीच्या नोंदी आणि कॉम्प्युटरमधल्या बायका

कॅन्सरचं निदान झालं की सोलापूरकडची माणसं आजही आधी बार्शीचं नाव काढतात. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 साली याच बार्शीत सुरू झाली, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव फिरायचे. अंगावरून पांढरं जातंय का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं का, असं बायकांना विचारायचे आणि शंका आली की तपासणीला यायला तयार करायचे. आज कॅन्सर संशोधनात एआयचा बोलबाला आहे, पण त्याचा पाया असल्या पायपिटीतच आहे असं मला ठामपणे वाटतं.

1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका सहभागी झाल्या. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, नेहमीच्याच सोयीवर राहिलेल्या गटात या कॅन्सरने 64 मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटात बायकांची एचपीव्ही विषाणूची (यानेच हा कॅन्सर होतो) तपासणी आयुष्यात एकदाच झाली होती, तिथे 34.

अशा आकड्यांवर मॉडेल उभं राहतं. कॉम्प्युटरमध्ये लाखो काल्पनिक बायका तयार करतात आणि त्यांचं वय वर्षावर्षाने वाढवत नेतात. कुणाला या विषाणूची लागण होते, बहुतेकींची ती एक-दोन वर्षांत आपोआप जाते, थोड्याजणींच्या पेशी बदलू लागतात. लागणीपासून कॅन्सरपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. या विषाणूविरुद्धच्या लसीचा परिणाम प्रत्यक्षात बघायला तेवढं थांबावं लागेल. मॉडेलमध्ये तो अंदाज फार लवकर हाती येतो.

भारतात 2010 मध्ये लसीची एक चाचणी सरकारी आदेशाने मध्येच थांबली आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. बार्शी त्या चाचणीचं एक केंद्र होतं. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. एका डोसचं संरक्षण दहा वर्षांनीही टिकलेलं दिसलं. याच माहितीवर भारतासाठी मॉडेल बांधलं गेलं आणि 2022 च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनेही मुलींसाठी एक डोस चालेल असं मान्य केलं.

एआयचं काम वेगळं. गर्भाशयमुखावर ॲसिटिक ॲसिड लावलं की मिनिटभरात बिघडलेला भाग पांढुरका दिसू लागतो. तो ओळखणं नजरेवर अवलंबून, आणि दोन नर्सचं मत जुळेलच असं नाही. कोस्टा रिकातल्या बायकांच्या जुन्या फोटोंवर शिकवलेल्या एआयने 2019 मध्ये माणसांपेक्षा सरस निकाल दिले. पण ते फोटो खास कॅमेऱ्याने फिल्मवर काढलेले होते, आणि मोबाईलच्या फोटोंवर तेच एआय तसंच चालत नाही असं पुढे दिसलं. आपल्या उपकेंद्रांत असं यंत्र येणार असेल, तर एकाच बाईचे दोन फोटो काढल्यावर ते दोन्ही वेळा एकच उत्तर देतं का, हे इथल्याच बायकांच्या फोटोंवर आधी तपासलं पाहिजे.