दाखवायचे दात

अठराव्या शतकातल्या पॅरिसमधली श्रीमंत मंडळी जिवलगांचे चेहरे अंगावर वागवत. तपकिरीच्या डबीच्या झाकणात, कड्यात किंवा लॉकेटात बसवलेलं ते इवलंसं चित्र आज भिंगाखाली धरलं, की एक गंमत कळते. गालाच्या उजळ भागावर जवळजवळ रंगच नसतो. जी गोरी कांती दिसते, तो असतो हत्तीचा दात.

खायचे नव्हे, दाखवायचे दात. आपण त्यांना सुळे म्हणतो. खरं तर ते वरच्या जबड्यातले पटाशीचे दात! त्यांचा मुख्य पदार्थ डेंटिन, म्हणजे आपल्याही दातांत असतो तोच: कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज, आणि त्याला धरून ठेवणारे कोलॅजेनचे तंतू. याचा मिलिमीटरहूनही पातळ काप काढला, की उजेड थोडा आत शिरतो, विखुरतो आणि मवाळ होऊन बाहेर येतो. माणसाच्या त्वचेतही उजेडाचं असंच होतं. म्हणून चित्रकार गाल कोरा ठेवून फक्त सावल्या भरायचा. काही जण उजळपणा वाढवायला कापामागे चांदीचा पातळ पत्राही ठेवत.

त्याआधी अशी चित्रं चर्मपत्रावर काढत. १७००च्या सुमारास व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कॅरिएरा हिने हस्तिदंत वापरात आणला. १७२० साली ती पॅरिसला आली, तेव्हा तिथे तिचं मोठं कौतुक झालं. स्वीडनचा चित्रकार पीटर अडॉल्फ हॉल १७६६मध्ये पॅरिसला आला आणि त्याने हे माध्यम खऱ्या अर्थाने मोकळं केलं. त्याचे फटकारे इतके सैल, की बोटभर चित्रातही केस भुरभुरतात. मला तरी त्याच्यापुढे बाकीचे जरा घोटीव वाटतात.

हे सोपं नव्हतं. गुळगुळीत, तेलकट हस्तिदंतावर पाण्याचा थेंब गोळा होऊन बसतो. म्हणून आधी प्यूमिसच्या, म्हणजे ज्वालामुखीतल्या सच्छिद्र दगडाच्या पुडीने घासून तेलकटपणा काढायचा, मग डिंकात खललेले जलरंग बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी चढवायचे. डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे पुढे कुणी धूळ पुसायला ओलं बोट फिरवलं, तर धुळीबरोबर नाकही जायचं.

उजेडही वैरीच. गालांवरची लाली बहुतेकदा कोचिनील किड्यांपासून काढलेल्या कार्माइन या लाल रंगाची. ती उडाली, की सावल्यांतला निळा-करडा रंग उरतो आणि चेहरा आजारी दिसू लागतो. म्हणून संग्रहालयांत ही चित्रं साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मंद प्रकाशात ठेवतात.

पण खोड दाताचीच जास्त. कोलॅजेन हवेतली ओल शोषतं, कोरड्या हवेत सोडतं. काप लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतो-आकसतो, आणि मागे पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर त्याला हलायला जागा राहत नाही. मग तो वाकतो, कधी तंतूंच्या दिशेने तडकतो. कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ उतरलेली केसाएवढी भेग येते ती अशी.