प्रकाशयोजना, वारसा सभागृहांतील

मूळ उपयोग संपलेल्या किंवा बदललेल्या जुन्या वास्तूत नाटक, मैफल, परिषद, स्वागतसमारंभ असे निरनिराळे कार्यक्रम घेता यावेत, यासाठी केलेली बदलती दीपव्यवस्था. नव्या नाट्यगृहात दिव्यांच्या जागा आराखड्यातच ठरतात. वारसावास्तूत त्या बांधकामाला धक्का न लावता शोधाव्या लागतात. समाजोपयोगी वापर जतनाला पोषक असतो, पण त्यासाठी वास्तूची मांडणी वा सजावट बदलू नये, असे वारसावास्तूंच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे (1964) पाचवे कलम सांगते. त्यामुळे गिलाव्यात भोके पाडण्याऐवजी जमिनीवर उभे राहणारे ट्रस (दिवे टांगायचे धातूचे सांगाडे), कंगोऱ्यामागे लपवलेल्या एलईडी पट्ट्या आणि पुढे काढून घेता येतील अशा पकडी वापरण्याकडे कल असतो. छताला दिवे टांगायचेच झाले, तर भारक्षमता आधी अभियंत्याकडून तपासून घेतात.

मुंबईतील रॉयल ऑपेरा हाऊस हे भारतातील उदाहरण. पंचम जॉर्ज यांच्या हस्ते 1911 मध्ये उद्घाटन झाले तेव्हा इमारत अपुरीच होती; ती 1912 मध्ये खुली झाली आणि किरकोळ कामे 1915 च्या सुमारापर्यंत चालली असावीत. बांधणीचे साल म्हणून ही तिन्ही वर्षे आढळतात. प्रत्यक्ष वापर लक्षात घेता 1912 अधिक ग्राह्य वाटते. पुढे येथे चित्रपटगृह झाले, 1993 मध्ये तेही बंद पडले. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन ऑक्टोबर 2016 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. दर्शनी दालनातील झुंबरे व्यापारी डेव्हिड ससून यांनी दिली, असे सर्रास लिहिले जाते. मात्र ससून यांचे निधन 1864 मध्ये झाले. झुंबरे भायखळ्याच्या ‘सान्सूसी’ या त्यांच्या वाड्यातील (आताचे मसीना रुग्णालय) असल्याने ती कुटुंबातील पुढच्या पिढीकडून आली, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

अशा झुंबरांविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार मूळ दिवे हेच दालनाचे मुख्य प्रकाशस्रोत राहावेत. दुसऱ्या मतानुसार ते मंद तेवत ठेवून त्यांच्याकडे पाहता यावे, वाचण्या-वावरण्यापुरता उजेड मात्र आडोशाच्या दिव्यांनी पुरवावा. बहुउद्देशीय वापरात दुसरी पद्धत सोयीची पडते: झुंबराला त्याच्या ताकदीबाहेर राबवले की डोळे दिपतात आणि छताची नक्षी अंधारात जाते. सुमारे 2,700 केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाशाचे, दिवे झुंबराला शोभतात. तंतूचा दिवा मंद केला की तांबूस होतो, साधा एलईडी तसा होत नाही. म्हणून मंद होताना उबदार होणारे एलईडी निवडतात. जुन्या थायरिस्टर डिमरवर (दिवे मंद करणाऱ्या उपकरणावर) एलईडी अनेकदा लुकलुकतात. डोळ्यांना न जाणवणारी लुकलुकही लग्नाच्या चित्रीकरणात आडव्या पट्ट्यांच्या रूपाने उमटते.

नियंत्रणासाठी डीएमएक्स 512 हे दिव्यांना आज्ञा पोहोचवण्याचे डिजिटल मानक (1986) रूढ आहे. एका तारेवर 512 वाहिन्या, प्रत्येकीला 0 ते 255 मूल्ये. साध्या मंद होणाऱ्या दिव्याला एक वाहिनी पुरते. फिरत्या दिव्याला पंधरा-वीसही लागतात. वास्तूचे दिवे आणि रंगमंचाचे दिवे वेगळ्या गटांत ठेवून ‘मैफल’, ‘व्याख्यान’, ‘साफसफाई’ असे प्रसंग आधीच साठवून ठेवतात. बाहेरून येणाऱ्या प्रकाशयोजनाकाराला रंगमंचाचा गट मोकळा मिळतो, वास्तूच्या गटाला त्याने हात लावायचा नसतो. आणीबाणीचे दिवे या साखळीबाहेर, स्वतंत्र पुरवठ्यावर असतात.

लाकडी बांधणीच्या नाट्यगृहांत उष्णता आणि जुनी वायरिंग या दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह (मूळचे पॅलेस थिएटर) 8 ऑगस्ट 2024 रोजी आगीत मोठ्या प्रमाणावर जळाले. हजार वॉटच्या पार कॅनऐवजी (रंगमंचावरच्या डबाकृती जुन्या दिव्यांऐवजी) एलईडी वापरल्यास उष्णता बरीच घटते आणि जुन्या वीजजोडणीवरचा भारही कमी होतो.

लंडनचे राउंडहाउस (1847) हे रेल्वे इंजिनांचे वर्तुळाकार आगार होते. 1960 च्या दशकात तेथे कार्यक्रम होऊ लागले आणि नूतनीकरणानंतर ते 2006 मध्ये पुन्हा उघडले. आतील 24 ओतीव लोखंडी खांबांच्या सावल्या हा तेथील प्रकाशयोजनेचा कायमचा प्रश्न. प्रेक्षक चहूबाजूंनी बसले असतील तर तो अधिकच जाणवतो.